कबऱ्यानं धरलेली वाट

बैल उलटे जुंपले, तिथूनच सगळं सुरू झालं. सासऱ्यांच्या जोडीतला कबऱ्या कायम उजवीकडचा आणि पांढऱ्या डावीकडचा, हे त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांनाही ठाऊक असावं. पण मी पडलो जंगल खात्याच्या कचेरीतला कारकून. जंगल आणि जनावरं दोन्ही कागदावरच पाहिलेली. मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या यात्रेहून आमच्या सावली गावाकडे परतताना मी मोठ्या ऐटीत जोडी जुंपली, ती नेमकी अदलाबदल करून. बैल एकमेकांना रेटत राहिले. वैनगंगा ओलांडून जंगलातल्या फाट्याशी आलो, तेव्हा गाडी आपली आपण डावीकडे वळली, आणि हे मला कळलं, ते पळसांशिवाय काहीच ओळखीचं दिसेना तेव्हा.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण गाडीत आमची चार वर्षांची सुमी तापानं फणफणत होती. दुपारपासून तिनं डोळे उघडले नव्हते. बायकोनं तिच्यावरची नजर काढून पहिल्यांदाच पुढे पाहिलं.

"अवं, कबऱ्या इकडे काऊन?"

उन्हं उतरली होती.

ही यात्रा खरं तर सासऱ्यांची. दुसऱ्या मोठ्या लढाईत ते ब्रह्मदेशात फौजेची खेचरं हाकायला होते. पायात गोळी घेऊन लंगडत परतले, आणि तेव्हापासून दर शिवरात्रीला मार्कंड्याला जात राहिले, एकटेच. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. एक सवय मात्र तिकडून आणली होती: संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. जावई म्हणून मला सगळ्यात शेवटी मोजत, पण मोजत. ते गेल्यावर त्यांची वारी चुकू नये, हा हट्ट बायकोचा. माझी श्रद्धा बेताचीच. मी आलो होतो ते जत्रेतल्या जिलेबीसाठी.

मी कासरा ओढून गाडी फिरवू पाहत होतो आणि कबऱ्या मान हलवत नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "सोडा तो कासरा. बाबा म्हणत, वाट हरपली का जनावराले चालू द्या." मी कासरा सोडला. हात मोकळे झाले, तर करायचं काय, म्हणून जोडले. मार्कंडेश्वराकडे काय मागितलं ते आठवत नाही. बहुधा नुसतं "पोर" एवढंच म्हणालो.

कबऱ्या चालला. दिवस बुडायच्या सुमाराला एका वस्तीत शिरला आणि कडेच्या झोपडीपुढे थांबला, जसा आपल्याच गोठ्यापुढे. आतून एक गोंड म्हातारी आली. आमच्याकडे न बघता तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.

"आला का रे? मालक कुठी राह्यला?"

बायकोनं सांगितलं, बाबा पावसाळ्यात गेले. म्हातारी बराच वेळ बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग तिनं सुमीला उचलून आत नेलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, चमच्यानं पेज पाजली आणि उशाशी बसली.

हळूहळू कळलं. तिचा एकुलता एक मुलगा सासऱ्यांच्या बरोबर खेचरांवर होता. तो परतला नाही. यात्रेहून परतताना सासरे दर साली इथे मुक्काम करत, मीठ आणत. "आल्याबरोबर माह्या डोक्यावर हात ठेवे," म्हातारी म्हणाली. "म्हणे, माय, घरचे मोजून झाले, तू राह्यली होती."

बायको तोंडाला पदर लावून रडली. मीही रडलो, पण बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं बाहेर जाऊन.

पहाटे सुमीला घाम फुटला आणि तिनं पेज मागितली. कुणी म्हणेल, ताप उतरायचाच होता, बैल सवयीच्या जागी जायचाच होता. असेल. मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की मी ओढत होतो तोवर वाट नव्हती आणि सोडलं तेव्हा ती झाली. त्या दिवसापासून हात जोडताना मला लाज वाटत नाही.

निघताना म्हातारीनं तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला, माझ्या शेवटी. मी कबऱ्या नीट बघून उजवीकडे जुंपला आणि शाबासकीच्या आशेनं मागे पाहिलं.

"पुढच्या साली मीठ घेऊन येऊ," बायको म्हणाली, "अन् नदी ओलांडली का बैल तुमीच जुंपजा, असेच उलटे."