केळं फ्रूट की व्हेजिटेबल?

"हे फ्रूट नाही. व्हेजिटेबल आहे. वॅगन थांबवा," नव्या इन्स्पेक्टरसाहेबांनी फर्मावलं.

मी तेव्हा जळगावपलीकडच्या एका लहान स्टेशनावर गुड्स क्लार्क होतो. म्हणजे मालडब्यांत काय भरलं ते लिहून पावती फाडणारा बाबू. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती, नियमांचं पुस्तक मात्र अजून इंग्रजीच. त्यात होतं : 'फ्रूट' दुपारच्या जलद मालगाडीने जाईल. बाकीचा माल, जागा होईल तेव्हा.

आमच्याकडे केळीचे घड हिरवेच कापतात. पिकतात ते दिल्लीला पोचल्यावर. साहेब दुसऱ्या मुलखातले. त्यांच्या घरी हिरव्या केळ्यांची भाजी होई.

वॅगन तुकाराम आबांची. वर्षभराच्या मेहनतीचं पीक. दोन दिवस उन्हात उभी राहिली असती, तर आत नुसता लगदा.

आबा माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही इंग्रजीवाले. सांगा ना सायबाले."

इंग्रजीवाला म्हटलं की मी फुगायचो. धावत क्वार्टरवर गेलो, डिक्शनरी आणली आणि खड्या आवाजात अर्थ सांगितला : फ्रूट म्हणजे झाडाचा गोड गराचा भाग, ज्यात बी असते.

"बी दाखवा," साहेब म्हणाले.

त्यांनीच चाकूने एक केळं चिरलं. बी नव्हती. गोडीचा तर प्रश्नच नव्हता. चीक तेवढा साहेबांच्या पांढऱ्या पँटवर उडाला.

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "पुस्तक घरीच ऱ्हायलं असतं तं बरं होतं, भो."

मग साहेबांपुढे हात जोडले. "भाजी तं भाजी, सायेब. तेवढं कागदावर लिहून द्या. परवा केयी पिवयी झाली की तोच कागद मोठ्या सायबाले दाखवतो. भाजी कशी काय पिकली, इचारतो."

साहेबांनी मला लिहायला बसवलं. मी वळणदार इंग्रजीत लिहिलं : 'केळं ही भाजी आहे, असे मी प्रमाणित करतो.' खाली सहीपुरती जागा सोडली.

साहेबांनी वाचलं. पेन उघडलं. पुन्हा वाचलं. पेन बंद केलं.

"गाडी किती वाजता?"

"अर्ध्या तासात, सर."

"मग बघत काय बसलात? फ्रूट नासेल ना!"

वॅगन गेली. आबांनी चार हिरवी केळी माझ्या हातावर ठेवली. घरी हिने त्यांची भाजी केली. चांगली झाली होती, पण हे मी ऑफिसात बोललो नाही.

डिक्शनरी अजून कपाटात आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी विचारला, तर ती काढण्याआधी मी एवढंच विचारतो : खाली सही कोण करणार?