संडासाचं सोवळं

संडासही बाटतो, हे मला डिचोलीत राहायला आल्यावर कळलं. तोवर माझी समजूत होती की घरातली ती एकच जागा बाटण्याच्या पलीकडची आहे.

आमच्या इमारतीत पाण्याचं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हाची ही गोष्ट. न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी एका टाकीत जमवायचं, गाळून स्वच्छ करायचं आणि तेच पुन्हा फ्लशला नि झाडांना द्यायचं. पिण्याचा नळ निराळा, ह्याचा निराळा. दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत जनेलात उभं राहणाऱ्या माणसांनी खरं तर त्या यंत्राच्या पाया पडायला हवं होतं. पण मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे दुसऱ्याच्या आंघोळीचं पाणी आमच्या संडासात?"

मी म्हटलं, "बाई, तिथं तुम्ही काय नैवेद्य दाखवता?" तेव्हापासून त्या माझ्याशी चतुर्थीपर्यंत बोलल्या नाहीत. मग एका गृहस्थांनी शंका काढली, की आपापल्या घरचं पाणी आपापल्यालाच परत मिळेल असं काही करता येईल का. यंत्रवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्या गृहस्थांना आपल्या प्रश्नाचं गांभीर्य कुणाला कळलं नाही असं वाटलं, म्हणून त्यांनी तो पुन्हा विचारला.

तोडगा सेक्रेटरींनी काढला. ते मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले. कुठलं जहाज कुठे लावायचं हे बघण्यात जन्म गेलेला, त्यामुळे नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या धक्क्याला लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत चढत होती. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत कोल्हापूर-बेळगावकडची कामगार कुटुंबं राहायची आणि त्यांच्यासाठी आमच्या कुंपणाला पिण्याच्या पाण्याचा एक नळ होता. सेक्रेटरी म्हणाले, "तो नळ बंद करूया आणि यंत्राचं पाणी तिकडे सोडूया. तांकां तें पुरो."

म्हणजे आमच्या संडासाला जे पाणी चालत नव्हतं, ते त्यांच्या पोरांनी प्यायचं! माझं डोकं फिरलं. बेळगावकडची एक बाई आमचे जिने धुवायची. तिचं तान्हं मूल त्याच नळाच्या पाण्यावर वाढत होतं, आणि दुसरा नळ थेट बाजाराच्या पलीकडे. मी भांड भांड भांडले. पण विरोधात हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा एकटीचाच हात वर होता. तो खाली घ्यायची मला लाज वाटली, म्हणून मी तो बराच वेळ तसाच ठेवला.

यंत्र सुरू करायच्या दिवशी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे जागेच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय साधा दिव्याचा खांबही उभा राहत नाही. गाऱ्हाणं घालायचे ते पेडण्यातल्या हळर्णचे एक आजोबा. खाणीवर ट्रक चालवून म्हातारे झालेले, आवाज अजून ट्रकच्या वरचा. त्यांनी देवाला सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की तो शब्द दिला. शब्द मोडला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट बसवताना दरवर्षी नारळ द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्याच वर्षी विसरलो, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सेक्रेटरी होते.

नारळ, उदबत्ती, तबकात गुळाचं खाजें, सगळं मांडलं होतं. पूजा झाली की कुंपणाचा नळ कापायचा म्हणून प्लंबर पाना घेऊन उभा. आजोबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी ह्यां यंत्र बसयलां आसा. तेका खयची आडमेळ येव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात मागून कुणीही आपलं मागणं पुरवू शकतं, आणि घालणारा ते सुरातच ओवून घेतो. कुणी "माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगा" म्हणालं, ते झालं. कुणाचा गुडघा झाला. तेवढ्यात जिन्यापाशी मूल काखेला घेऊन उभी असलेली ती बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या नळाचं बी सांगा की वो, आजोबा!"

आजोबांचे डोळे मिटलेलेच. "आनी ह्या कुंपणार जो नळ आसा, तेचां पिवचां पाणी असांच वाहत ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवय ती सवय.

मला राहवेना. मीही पुढे सरकून म्हटलं, "आणि संडासांचं?"

"आनी ह्यां फिरान इलेलां पाणी सगळ्यांच्या संडासांत सुखान खेळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजोबांनी डोळे उघडले तेव्हा सेक्रेटरींचं तोंड खाज्याने भरलेलं होतं आणि प्लंबरने पाना पिशवीत घातला होता.

नंतरची मीटिंग मी जन्मात विसरणार नाही. तोंडात खाजें असताना म्हटलेलं "व्हय म्हाराजा" धरायचं की नाही, ह्यावर संध्याकाळ गेली. एकाचं म्हणणं, आपण फक्त ओठ हलवले. सेक्रेटरींनी आजोबांना विचारलं, गाऱ्हाणं मागे घेता येतं का. आजोबा म्हणाले, "येता मा. तुमी घाला. लिफ्टीत उबे रवान घाला." सेक्रेटरी त्यानंतर आठवडाभर जिन्याने ये-जा करत होते.

यंत्राचं पाणी घराघरांत गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी म्हणे पहिल्यांदा फ्लश ओढताना डोळे मिटले.

मग उन्हाळा आला आणि कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली. नळाला जोर नव्हता, वरच्या टाकीत थेंब चढेना. आमची अवस्था अशी की यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्यावर फ्लश धो धो चालू, आणि चहाला घोटभर पाणी नाही. पाण्याची बारीक धार येत होती ती फक्त सखल भागातल्या त्या कुंपणाच्या नळाला.

अख्खी इमारत बाल्द्या, कळश्या घेऊन तिथे उभी राहिली. मध्ये मध्ये पत्र्याच्या खोल्यांतल्या बाया. जिने धुणारी ती बाई नळाशी बसून सगळ्यांना एकेक भांडं भरून देत होती. ना त्यांना आधी, ना आम्हांला. मूल तिच्या मांडीवर पेल्याने पाणी पीत होतं, आणि ते बघून मला इतकं बरं वाटलं की माझी बाल्दी रांगेत कुणीतरी मागे ढकलली तरी मी भांडले नाही.

माझ्या पुढे सेक्रेटरी होते. त्यांच्या हातात तांब्याची मोठी कळशी. त्यांचा नंबर आला आणि धार करंगळीएवढी झाली. बाईने लांबलचक रांगेकडे एकदा बघितलं, हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा, ह्यांच्या टाकीत बी पाणी चढू दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रांग म्हणाली.

"आनि चढलं तरी आमचा नळ ऱ्हाऊ दे रं म्हाराजा!"

ह्या वेळी सेक्रेटरींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांची कळशी अजून अर्धीच भरली होती.