जावयांचा हुतुतू

हिवरद्याच्या झुलाल नानाला दोन गोष्टी येत होत्या, शेती आणि हुतुतू. शेती तो पोटासाठी करी. पांझरेच्या काठी बरी जमीन होती, वय पन्नाशीला टेकलं होतं, उजवा गुडघा कुरकुरत होता. पण नदीची कोरडी वाळू दिसली रे दिसली की गडी धोतर खोचून मोकळा! बोलता बोलताही तो श्वास रोखून धरायचा. दम वाढवतो म्हणे. समोरच्याला वाटायचं, नानाला राग आला.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी हिवरदे आणि नदीपलीकडचं मांडवे यांचा वाळूत सामना व्हायचा. जिंकेल त्या गावाला तांब्याची भलीमोठी हंडी वर्षभर मिळे. पाच वर्षं ती झुलालच्या ओट्यावर मिरवत होती. त्याची बायको भागाबाई तिला चिंचेनं घासून इतकी लखलखीत ठेवी, की शेजारणी तिच्यात बघून कुंकू लावत.

एकोणीसशे अडतीसच्या आखाजीला मात्र घात झाला. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. त्याआधी मालकानं सालदाराच्या दारी जायचं, त्याच्या हातावर सुपारी ठेवायची आणि यंदा राहशील ना, असं विचारायचं, ही रीत. झुलालचा सालदार झिपरू अकरा वर्षं त्याच्याकडे होता. चढाई करणाऱ्याचा पाय कसा धरायचा, हे झुलालनंच त्याला शिकवलेलं. त्या झिपरूनं आखाजीच्या सकाळी घोंगडं खांद्यावर टाकलं, नदी ओलांडली आणि तो मांडव्याच्या एका शेतकऱ्याकडे सालदार राहिला. पाठोपाठ शेजारच्या कौतिकचा सालदार पुनाही गेला. नियम साधा होता: ज्या गावात जेवतो, त्या गावाकडून गडी खेळतो. हिवरद्याचे दोन खांबच उखडले, आणि बाकीच्या गड्यांनी खेळायचीच हाय खाल्ली.

"अकरा वरीस!" झुलाल ओट्यावर बसून सुस्कारे टाकू लागला. "अकरा वरीस एका ताटमा जेवनूत, आन जातांना एक शबद नही!"

त्याला खरंच फार लागलं होतं. आखाजीआधीचे पाचसहा दिवस बिचारा दोर घेऊन वाळूत मैदान मोजत होता, यंदा दोन हात लांब करायचं म्हणून. आणि खेळणारच निघून गेले! आखाजीचे मांडे त्यानं ताटात तसेच ठेवले. भागाबाईनं ओळखलं, की दुखणं हंडीचं नाही, झिपरूचं आहे. पण तसं म्हटलं असतं तर नाना भडकला असता, म्हणून ती चिंच घेऊन हंडी घासायला बसली.

तिसऱ्या दिवशी पोरी निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून आपापल्या नवऱ्यांची टिंगल करणारी गाणी म्हणत होत्या. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी त्या, त्यांच्या तोंडाला कोण लागणार? झुलाल ऐकत होता. एकदम तो ताडकन उठला.

"गावना गडी गयात ते जाऊ द्या! गावना जवाई ते शेतस! बठ्ठा जवाई लवकर बलावा!"

एरवी बायकोला न्यायला सावकाश येणारे जावई सामन्याच्या चार दिवस आधीच येऊन थडकले. चांगले सहा निघाले. एक धुळ्याच्या गिरणीतला, सायकलवर आलेला. एक इतका जाडा, की त्याच्यासाठी बैलगाडीत वेगळी गादी घातलेली. झुलालच्या अंगात वारं शिरलं. सहा जावई आणि सातवा आपण! मांडवेकरांना पाणी पाजतो की नाही बघा, म्हणत तो गावभर फिरला.

पण जावई तो जावई. सकाळी सरावाला बोलवावं, तर सासवा आमरस वाढत बसलेल्या. दुपारी ते घोरत. संध्याकाळी कसेबसे वाळूत आणले, तर गावातलं एकही पोर त्यांचा पाय धरायला तयार होईना. झुलालनं स्वतः गिरणीवाल्याची तंगडी ओढली, तशी भागाबाई काठावरून ओरडली, "आवो, जवाईना पाय वढतस का कोनी! लोके काय म्हनतीन?"

गिरणीवाला रुसला. त्याला मनवायला सासूनं आणखी चार मांडे केले. सामन्याला दोन दिवस उरले होते आणि हिवरद्याच्या संघाचं वजन तेवढं वाढलं होतं.

सामन्याच्या दिवशी मांडवेकर त्यांना बघून पोट धरून हसले. मग झोक्यावरच्या त्याच पोरी काठावर येऊन बसल्या आणि चमत्कार झाला! बायको बघतेय, मेव्हण्या बघताहेत, म्हटल्यावर जावई पेटले. जाडा जावई पुनावर नुसता बसला, पुनाचा दम तिथंच संपला. गिरणीवाला तर दोघांना शिवून पाण्यातल्या मासळीसारखा परत सुटला. झुलाल लहान पोरासारखा उड्या मारत होता, गुडघाबिडघा सगळं विसरून.

एकेक गडी बाद होत शेवटी दोघेच उरले. इकडे झुलाल, तिकडे झिपरू.

झुलालनं छाती भरून दम घेतला आणि "हुतुतूतू" करत चाल केली. डावीकडे हूल दिली, उजवीकडून झिपरूच्या खांद्याला शिवला आणि वळला. आता नुसती मधली रेघ गाठायची होती. एवढ्यात घोट्याला मिठी बसली. अशी मिठी खानदेशात एकच माणूस शिकवत होता. झुलाल वाळूत आडवा पडला, तरी सरपटत निघाला. हंडी वीतभर लांब होती. दम पक्का होता. काठावर सगळं हिवरदे उभं राहून ओरडत होतं.

"नाना," पायाला बिलगलेला झिपरू हळूच म्हणाला, "औंदा तुम्ही माले इचारंच नही. मी आखाजीलोंग वाट दखी."

झुलालच्या डोळ्यांपुढे तो दोर आला. सहा दिवस वाळू मोजली, आणि झिपरूचं दार चार पावलांवर होतं! घरच्या माणसाला काय विचारायचं, असं आपण धरूनच चाललो. लाजेनं त्याचे कान तापले. हात रेघेच्या अगदी जवळ होता. "हुतुतूतू" चालू ठेवून नुसतं बोट पुढं करायचं होतं.

"आते इचारस, पोऱ्या!" झुलाल मोठ्यानं म्हणाला. "पुढली आखाजीले मनाकडे सालदार राहशी का?"

दम तुटला. मांडवेकरांनी एकच गिल्ला केला आणि हंडीकडे धावले. हिवरदेकरांनी कपाळावर हात मारले. गिरणीवाला पुन्हा रुसला.

"राहसू, नाना," झिपरू म्हणाला. तो रडत होता की हसत होता, वाळूमुळे कळत नव्हतं.

"मंग आते पाय सोड."

"पहिले सुपारी."

झुलाल तसाच पालथा पडून, खदखदा हसत, काठावरच्या भागाबाईला सुपारीची चंची आणायला हाका मारू लागला.