उधाणाच्या आधी फाटा मोकळा करायचा होता

नसीमचा फोन बुधवारी आला. "रविवारी अमावस्या आहे, दुपारी मोठं उधाण येणार. तुला खाडी बघायचीय ना? शनिवारीच ये."

नसीम ही माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. भिवंडीची, घरचे जुने लूमवाले. आता ती शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत मुलांना तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, जंगलात घेऊन जाते. वर्षभर ती मला बोलावत होती. मी नाशिकची, माझं सगळं फिरणं डोंगरातलं. खाडी म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायची जागा, एवढीच माझी समज होती.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी पहाटेची एसटी पकडली. तुम्हीही नाशिककडून जाणार असाल तर ठाण्यापर्यंत जाऊ नका. मानकोलीला उतरता येतं, फक्त कंडक्टरला आधी सांगून ठेवा. उतरल्यावर मात्र घाबरायला होतं. चारी बाजूंना गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि धूळ. नसीम स्कूटर घेऊन उभी होती. अंजूरफाट्यावरून खारबावच्या रस्त्याला लागलो. स्कूटर नसेल तर अंजूरफाट्यावर शेअर रिक्षा मिळतात, पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत. दिवा-वसई मार्गावर खारबावचं स्टेशनही आहे. गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक बघूनच बेत करा.

आम्हाला जायचं होतं ते गाव खारबावपासून थोडं आत, खाडीच्या काठावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

तिथे आम्ही नसीमच्या ओळखीच्या चांगुणाताईंकडे उतरणार होतो. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. नवरा गेल्यापासून होडी त्या स्वतः चालवतात. घर एकाच छपराखाली दोन भागांत आहे. अर्ध्यात त्या, अर्ध्यात धाकटे दीर रघुनाथ आणि त्यांची बायको. ओटा दोघांचा एक. जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या कोळंबीचं आंबट कालवण होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुपार कलल्यावर, ओहोटीला आम्ही तिघी होडीतून निघालो. ओहोटीलाच जा, चिखल उघडा पडतो आणि खरी खाडी तेव्हाच दिसते. निवटे मासे चिखलावर उड्या मारत होते. तिवरांची मुळं जमिनीतून हजारो बोटं वर काढावीत तशी उभी होती.

"पुढं आमचा राखीव फाटा हाय," चांगुणाताई म्हणाल्या. "तिथं कोनी जाळी टाकत न्हाय. गावानं ठरवलंय."

हा फाटा म्हणजे मुख्य खाडीतून आत शिरणारा अरुंद ओहोळ, दोन्ही बाजूंना तिवरं. मासे, कोळंबी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, यांची पिल्लं तिथे वाढतात आणि मोठी झाली की बाहेर येतात. मासळी कमी व्हायला लागली तेव्हा गावाने बैठक घेऊन हा फाटा बंद केला. बाहेर कुठेही मासे धरा, आत नाही. अंडी असलेली चिंबोरी सापडली तर सोडून द्यायची. बायका आळीपाळीने राखण करतात. "दोन वर्सं पोरंटोरं हसली आमाला," त्या म्हणाल्या, "तिसऱ्या वर्साला बाहेर कोलंबी दिसाया लागली, मग गप झाली."

वळण घेतलं आणि त्यांनी वल्हं थांबवलं.

फाट्याचं तोंड दिसतच नव्हतं. जिथून पाणी आत जायचं तिथे राडारोडा पडला होता. फुटक्या विटा, काँक्रीटचे तुकडे, माती, आणि वर डंपरच्या चाकांचे ताजे माग. पलीकडचा चिखल वाळून तडकला होता. काठाची तिवरं पिवळी पडली होती.

"पंध्रा दिस मी माहेरी होते, आईचं दुखनं होतं. काल रातीच आले, मना कोनी सांगितलं न्हाय," चांगुणाताई एवढंच बोलल्या.

नसीमने मला हळू आवाजात समजावलं. तिवरांना रोज नाही, तरी मोठ्या उधाणाचं पाणी मिळावंच लागतं. तोंड बुजवलं की आतली झाडं मरतात. झाडं मेली की जागा कोरडी, पडीक दिसायला लागते. मग तिथे भराव घालायला कोण अडवणार?

"ही कडेची जमीन कुणाची आहे?" मी विचारलं.

नसीमने चांगुणाताईंकडे पाहिलं. त्यांनी होडी वळवली. "माज्या दिराची," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी रघुनाथभाऊ ओट्यावर आले. शांत, चष्मेवाला माणूस. मला नमस्कार केला, नाशिकला पाऊस कसा झाला विचारलं. चांगुणाताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भावजी, फाट्याचं तोंड कोनी बुजवलं?"

"डंपरला आत यायला वाट पायजे व्हती. गोदामवाला जागा घेतोय."

"मना इचारलं न्हाय."

"वहिनी, जागा माजी हाय. खारं पानी शिरून भात पिकत न्हाय तिथं. दोन पोरी शिकतात माज्या. आजूबाजूला सगल्यांनी दिल्या, मीच येडा राहू?" त्यांचा आवाज चढला नाही. "खाडी काय देते आता? कारखान्याचं रंगाचं पानी येतं तवा मासा उलटा होऊन तरंगतो. तवा कोनी राखन केली?"

"जागा तुमची. पानी तुमचं न्हाय," चांगुणाताई म्हणाल्या. "उद्या उधान हाय. आमी तोंड मोकलं करनार."

"उद्या भराव टाकाया गाडी येनार हाय."

"येऊ द्या."

भिंतीपलीकडे जाऊबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. रघुनाथभाऊ उठून आत गेले.

रविवारी सकाळी आठला आम्ही फाट्यावर होतो. पंधराएक बायका, सहा-सात पुरुष, फावडी आणि घमेली. नसीमने संबंधित खात्याला फोन केला होता. सुट्टी आहे, उद्या माणूस येईल, असं उत्तर मिळालं. उधाण दुपारी दीडच्या सुमाराला भरणार होतं. मीही घमेलं घेतलं. विटांचे तुकडे उचलून दोन तासांत माझ्या तळहातांना फोड आले. मग ताईंनीच मला बाजूला केलं, "तुमी फोटो काढा, पुरावा लागंल."

बाराच्या आसपास हातभर रुंदीचा चर मोकळा झाला. खाडीचं पाणी चढत होतं. ते चरातून आत शिरलं आणि वाळलेल्या चिखलावर पसरायला लागलं. एक म्हातारी बाई पाण्यात उभी राहून नुसती हसत होती.

तेवढ्यात डंपर आला.

भरावावरून उलटा, मागे मागे, थेट चराच्या दिशेने. बायका चरापुढे आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "हटो ना मौसी, मेरे को खाली करके जाना है! मालिक का फोन पे फोन आ रहा है!" तो तिशीचा असेल, घामाने निथळत होता. रघुनाथभाऊ मागून धावत आले आणि हात हलवत ओरडले, "थांब! थांब रे, बांध वला झालाय!"

त्याला ते ऐकू गेलं नसावं. मी फोनवर चित्रण करत होते, म्हणून पुढचं सगळं मी पडद्यावरच पाहिलं. भरावाची आतली कड चराच्या पाण्याने भिजली होती. मागचं चाक तिथे आलं आणि कड खाली बसली. डंपर आधी हळू कलला, मग एकदम फाट्याच्या आतल्या बाजूला आडवा झाला. केबिन अर्धी चिखलात गेली. ड्रायव्हरची किंकाळी ऐकू आली.

"फोन ठेव!" नसीम माझ्यावर ओरडली. "दोरी आण होडीतली!"

मी धावले.

ड्रायव्हरचा पाय स्टिअरिंगखाली अडकला होता. खालचं दार चिखलात, वरचं अडकून बसलेलं. आणि आम्ही सकाळपासून खपून काढलेल्या त्याच चरातून पाणी आत येत होतं. ते त्याच्या कमरेपर्यंत पोचलं होतं. उधाण भरायला अजून तास-सव्वा तास होता.

कुणीतरी म्हणालं, "चर बुजवावा लागंल."

सगळे चांगुणाताईंकडे बघायला लागले. या उधाणाला पाणी आत गेलं नाही तर पुढचं मोठं उधाण पंधरा दिवसांनी, आणि तोवर किती झाडं तगतील हे कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "बघता काय! माती टाका! लवकर!"

सकाळी जे उचलून बाहेर टाकलं होतं तेच आम्ही परत चरात टाकलं. मी हातांनी विटा ओढत होते. चर बुजला, पाणी यायचं थांबलं, फक्त खालून झिरपत राहिलं.

पण माणूस अजून आत होता. खाडीच्या चिखलात उभं राहून चालता येत नाही, मांडीपर्यंत रुतायला होतं. चांगुणाताईंनी होडीतल्या फळ्या उपटून काढल्या आणि चिखलावर एकापुढे एक टाकल्या. रघुनाथभाऊंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, कमरेला दोरी बांधली आणि फळीवर पालथे पडून सरपटत निघाले. दोरीचं टोक वहिनींच्या हातात होतं.

"सावकास, भावजी. डावीकडं न्हाय, तिथं खोल हाय."

"दिसत न्हाय वहिनी, तुमी सांगा!"

"सरल! अजून हातभर!"

फावड्याच्या दांड्याने त्यांनी पुढची काच फोडली. आत हात घालून काय केलं ते मला दिसलं नाही. ड्रायव्हर "अम्मा, अम्मा" करत होता, रघुनाथभाऊ त्याला म्हणत होते, "मेरी तरफ देख. पाय ढीला छोड. ढीला छोड रे." किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग दोघं एकमेकांना धरून फळीवर आले आणि आम्ही सगळ्यांनी दोरी ओढली.

त्याचा पाय मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. नसीमने ओढणीने पाय फळीच्या तुकड्याला बांधला. गावातल्या एकाने टेम्पो आणला आणि त्याला भिवंडीला दवाखान्यात नेलं. जाताना तो सारखा विचारत होता, "गाड़ी का क्या होगा?" त्याचं नाव रामनरेश, हे तेव्हा कळलं.

टेम्पो गेल्यावर भरावावर सगळे जिथे होते तिथे बसून राहिले. पावणेदोन झाले होते. बाहेरचं पाणी काठोकाठ भरून थांबलं होतं. थोड्या वेळात ते उतरायला लागलं असतं. कुणाच्या अंगात पुन्हा फावडं उचलायचं बळ नव्हतं.

रघुनाथभाऊ उठले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. त्यांनी फावडं घेतलं, चरापाशी गेले आणि खणायला लागले. चार-पाच घाव झाले असतील, मग चांगुणाताई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, मग बाकीच्या. पाणी आत गेलं. अर्धा तास गेलं असेल, जास्त नाही. शेवटच्या पिवळ्या झाडांपर्यंत ते पोचलं नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

सोमवारी खात्याचा माणूस पंचनाम्याला आला. मी परत निघणार होते, पण चित्रण द्यायचं म्हणून थांबले. त्याने विचारलं, भराव कुणी टाकला? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. घरातल्या माणसाचं नाव कोण घेणार? रघुनाथभाऊ पुढे झाले. "मी सांगितला टाकाया. लिवा."

त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. खात्याला दिलेल्या लेखी तक्रारीवर सही चांगुणाताईंची होती.

दुपारच्या एसटीने नाशिकला परतले. तळहातांवरचे फोड आठवड्यात गेले. तुमच्यापैकी कुणाला तिथे जायचं असेल तर नसीमसारख्या जाणकाराला बरोबर घ्या, भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, जुने बूट घाला, आणि राखीव फाट्यात होडी नेऊ नका. मला मात्र त्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं की आधी स्वतःची लाज सांगावीशी वाटते. एक माणूस चिखलात जात होता आणि मी फोन धरून उभी होते. तेच चित्रण पंचनाम्यात उपयोगी पडलं, हे खरं आहे. त्याने लाज कमी झाली नाही.

दीड महिन्याने चांगुणाताईंना फोन केला. रामनरेश कुबडी घेऊन चालतोय म्हणाल्या. फाट्यातल्या अर्ध्याअधिक झाडांना नवी पानं आली होती, आतली रांग गेली. केस चालू आहे, दिराला दोनदा बोलावणं आलं. जाऊ रोज रडते, तक्रार मागे घ्या म्हणते.

"मग घेतलीत?" मी विचारलं.

"घ्यायची ठरवली व्हती. कागदबी करून आनला. भावजींनीच फाडला. बोलले, माज्यावरची तक्रार मागं घेतली तर उद्या दुसऱ्यावर कुटल्या तोंडानं कराल?"

मग त्या म्हणाल्या, आता ठेवते, भरती लागलीय, आज राखणीची पाळी माझी आहे.