आमच्या शेतात कोणी उतरलं नाही

कॅसलरॉक स्टेशनवर अप्पा मला धारवाडच्या गाडीत बसवायला आले होते. गाडी हलल्यावर खिडकीशी चालत म्हणाले, "भाताच्या लावणीला येऊ नको. पेपर सोडून आलीस तर बग!" त्या एका वाक्यावर मी धारवाडात टिकले. दिग्गीच्या अलीकडच्या आमच्या वाडीकरांनो, तोंडावर बोलता येत नाही म्हणून इथं लिहितेय. मी माजले असं तुम्ही अजून सांगत फिरता.

आपली सावड मला कोणी शिकवायला नको. आज तुमच्या शेतात आमची माणसं, उद्या आमच्या शेतात तुमची. आणि घरात जेवढे हात तेवढे सगळे चिखलात. माझी एम.एस्सी. केमिस्ट्रीची प्रवेश परीक्षा नेमकी लावणीत आली. आई-अप्पा सगळ्यांच्या शेतात राबले. आमची पाळी आली तेव्हा तुमचे प्रमुख, गावकार, म्हणाले, "पोरगी न्हाई उतरली, मग आमी का उतरायचं?" आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

हॉस्टेलवर मी तेव्हा केमिकल कायनेटिक्स घोकत होते. अभिक्रियेच्या पायऱ्या कितीही असोत, सगळ्यांत संथ पायरीवर सगळ्याचा वेग ठरतो, असं क्लासचे सर सांगत. आईनं टेकाडावर चढून, रेंज पकडून फोन केला, "कोण न्हाई आलं गं. आमी दोघंच हाव." मी पुस्तक भिंतीवर फेकलं. दोन माणसांच्या हातानं लावणी किती सरकणार? रोपं वाफ्यातच जून झाली, निम्मं शेत पडीक राहिलं. पेपरात कायनेटिक्स भरपूर आलं. ते मी नुसत्या संतापावर सोडवलं.

सीट मिळाली, तर तुम्हीच देवळात शाल-नारळ घेऊन उभे! 'आमच्या गावची पोरगी' म्हणे. मेसचं पाणचट सांबार गिळत रडत होते तेव्हा कोणाची होते मी? मी येणारच नव्हते. अप्पाच म्हणाले, "घे गं शाल. म्होरल्या साली परत लावणी हाय."

म्हणून घेतली. हसलेही, फोटोत दिसतंय. लॅबमधल्या मैत्रिणी विचारतात, गावाची आठवण येत नाही का? नाही येत. आठवण येते ती चिखलात वाकलेल्या दोघांची. माझं घर तेवढंच. ते तुमच्या हाती सोडून आलेय, म्हणून भेटलात की अजून गोड बोलते.