माहेरवाशीण ताऱ्याची वही

माथेरानची छोटी गाडी सुरू झाली त्याच्या आधलं वर्ष. मी डोंगराच्या पायथ्याला, चौक गावाजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. पगार बेताचा आणि नजर त्याहून बेताची. लांबचं मला जन्मात कधी धड दिसलं नाही. चष्मा होता, पण तो मुंबईच्या बाजारात तयार मिळाला तसा नाकावर चढवलेला; त्यातून फळा दिसे, आभाळ दिसत नसे. चांदणं म्हणजे मला पिंजलेल्या कापसाचे पाच-पंचवीस पुंजके. अशा माणसाला ताऱ्यांचं वेड लागावं, हा देवाचा विनोदच म्हणायचा.

वेड लागलं ते एका इंग्रजी पुस्तकापायी. बदली होऊन गेलेले एक शाळातपासनीस ते माझ्याकडे टाकून गेले होते. त्यात एका तांबूस ताऱ्याची हकीकत होती. हा तारा साधारण अकरा महिन्यांनी उजळतो, काही आठवडे डोळ्यांना दिसतो आणि मग मंद होत होत इतका विझतो की दुर्बिणीवाचून सापडत नाही. बरं, दर खेपेला सारखा उजळेल तर शपथ. एखाद्या वर्षी शेजारच्या ठळक ताऱ्याच्या तोडीचा, एखाद्या वर्षी जेमतेम. असं का, ते तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आता म्हणतात, तो तारा सबंधच्या सबंध फुगतो आणि आकसतो, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. पुस्तकाच्या शेवटी लिहिलं होतं की हे काम नुसत्या डोळ्यांनी करता येतं, चिकाटी तेवढी हवी. चिकाटी माझ्याकडे होती. डोळे बायकोचे घ्यायचे ठरवले.

तिची नजर घारीची. आमच्या अंगणातून ती माथेरानच्या कड्यावर किती कंदील लागले ते मोजून सांगे. आमच्या लग्नात भटजींनी विचारलं, "अरुंधती दिसली का?" तेव्हा मी न बघताच हो म्हणून मोकळा झालो. हिने मात्र बोट वर करून, वसिष्ठाच्या कोणत्या अंगाला ती बारीक चांदणी आहे, ते भर मांडवात सांगितलं. भटजी हसले. माझे मामा म्हणाले, मुलगी जरा पुढची दिसते.

कामाची आमची रीत अशी. दिव्याच्या उजेडाने डोळा बिघडतो, म्हणून दिवा घरात ठेवायचा आणि दिव्याशी मी. ती दिवेलागण झाल्यावर घरामागच्या खळ्यावर जाऊन उभी राहायची आणि तिथून ओरडून सांगायची. मी ओटीवर बसून लिहायचं. ताऱ्याचं इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना. "अकरा महिन्यांनी येते, चार दिवस राहते, परत जाते. मग ही माहेरवाशीणच की," असं म्हणून तिने बारसं करून टाकलं. आजूबाजूचे तीन तारे, ज्यांच्याशी तेजाचा पडताळा घ्यायचा, त्या तेजाच्या क्रमाने थोरली, मधली आणि धाकटी वहिनी. "माहेरवाशीण आज मधल्या वहिनीहून दोन पायऱ्या खाली," असा आवाज खळ्यावरून येई. वहीत मी चार रकाने आखले होते: तिथी, वेळ, हवा, तारा.

पहिली दोन वर्षं नोंदी अशा सुरेख झाल्या की मुंबईच्या एका गृहस्थांनी, जे हौसेने अशी टिपणं गोळा करत, त्या आपल्या यादीत घेतल्या. त्यांची पत्रं मला 'डिअर सर' म्हणून येत. डोळे माझे नाहीत हे मी त्यांना कळवलं नव्हतं. कळवायचं राहून गेलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि मोठेपणाही सोडवत नव्हता.

आमचं दुःख वेगळंच होतं. तिची पहिली दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही मुलं गेली. एक पोटातच, एक विसाव्या दिवशी. नोंदींच्या तिसऱ्या वर्षी तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने माहेरी जायचं नाकारलं आणि चातुर्मासाचा नेम धरला. श्रावणात भाजीपाला, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, असं महिन्या-महिन्याने सोडायची रीत असते. हिने आषाढातच तिन्ही एकदम सोडली. भात, आमटीचं पाणी आणि मीठ. हे मूल जगावं, एवढंच मागणं होतं तिचं. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी नेम सुटला नाही. "आता बाळंत होईपर्यंत," ती म्हणाली. देवाधर्माचं बायकांनी बघावं, असं म्हणून मी अंग काढून घेतलं.

शेजारी एक कुणबीण राहायची. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनेच कापलेली. ती एकदा शेवग्याचा पाला ओच्यात घालून आली आणि ही हात लावीना म्हटल्यावर रागावली. "पोटुशी बाईनं पाला सोडायचा नस्तो गं. द्येव काय पाला मागतो काय तुज्याकडं?" ही नुसती हसली. पाला ओटीवर सुकून गेला.

पाऊस सरला, आभाळ निवळलं, आणि आम्ही कामाला लागलो. पुस्तकाच्या हिशेबाने माहेरवाशीण मार्गशीर्षात भरात यायची होती. कार्तिकाच्या सुरुवातीला ती कुठेच नव्हती, ते ठीकच. पण पंधरा दिवस गेले तरी खळ्यावरून तेच: "नाही आली." मग एक दिवस म्हणाली, "आज धाकटी वहिनीपण दिसत नाही हो." त्या दिवसांत वरच्या रानात कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या पेटतात आणि संध्याकाळी तो धूर खाली उतरून गावावर बसतो. मी हवेच्या रकान्यात लिहिलं: धूर. दुसऱ्या दिवशीही धूर. मग वही उघडली की तारखेबरोबर धूर आधीच लिहून टाकू लागलो. मार्गशीर्ष लागता लागता ती म्हणाली, "मधली आहे की नाही, कळत नाही." मी लिहिलं: दाट धूर.

त्याच सुमारास ती घरात अडखळू लागली. उंबऱ्याला ठेच लागे. संध्याकाळी पाणी वाढताना तांब्या भांड्याच्या बाहेर ओतला जाई. मी थट्टा करायचो, की चांदण्या बघून बघून तुला जमीन दिसेनाशी झाली. तीही हसायची. पोट वाढल्यावर पायाखालचं दिसत नाही म्हणायची. तिला स्वतःला काही खटकलं असेल का, हे मी पुष्कळदा ताडून पाहिलं आहे. दिवसा तिला सगळं लख्ख दिसायचं. सांजेला कमी दिसतं हे ज्याचं हळूहळू कमी होतं त्यालाच कळत नाही, असं मला वाटतं. शिवाय मी रोज धूर लिहीत होतो, आणि मी मास्तर.

मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. माहेरवाशीण यंदा आलीच नाही! अशी खेप क्वचित येते, पुस्तकात तसं लिहिलं होतं, आणि ती आमच्या खळ्यावरून टिपली गेली होती. मी मुंबईला लांबलचक पत्र धाडलं. आठ दिवसांत कार्ड आलं. तारा यंदा उत्तम उजळला आहे, मधल्या ताऱ्याच्या बरोबरीला आला आहे आणि अजून वाढतो आहे. आपल्या नोंदींत काही घोटाळा दिसतो, तरी आपण कृपा करून आपली दृष्टी तपासून घ्यावी.

मी संतापलो. आपली दृष्टी म्हणजे माझी, असंच मी वाचलं. माझी नजर अधू आहे हे जन्मापासून मला ठाऊक. ती काय तपासायची? म्हणजे हा गृहस्थ मुंबईत माडीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि आम्हाला आंधळे म्हणणार! नजर तिची आहे, आणि तपासायची तर तिची, हे डोक्यात आलंच नाही. जी गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती ती मीच विसरून बसलो.

ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. "माझं चुकलं असेल का?" ती म्हणाली.

"तुझं कसं चुकेल? आज भट्टी पेटलेली नाही, हवा कोरडी आहे. आज नीट बघ. घराच्या उजेडापासून लांब, खळ्याच्या पार टोकाला जाऊन बघ. मग देतो त्यांना उत्तर."

दिवेलागण झाली. ती शेणाने सारवलेल्या खळ्यावर गेली. मी दौत उघडून बसलो. "काय दिसतं?" मी ओरडलो. "थोरली दिसतेशी वाटते," ती म्हणाली. "आणखी पुढे हो," मी म्हणालो, "शेवटापर्यंत जा." खळ्याच्या टोकाला कमरेएवढा उतार आहे, खाली कापलेल्या भाताचं खाचर. ते तिला ठाऊक होतं. त्या खळ्यावर तिने दोन वर्षं रोज पाय ठेवला होता. कडा दिसली नाही एवढंच. मला पडल्याचा आवाज आला. हाक आली नाही.

शेजारीण धावत आली आणि आम्ही दोघांनी तिला उचलून आत आणलं. कळा लगेच सुरू झाल्या. सातवा महिना. मुलगी झाली. ती रडली नाही. शेजारणीने तिला उलटी केली, थोपटलं, तोंडात फुंकर घातली आणि मग लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मी त्या फडक्याकडे बघत उभा राहिलो. मला रडूही आलं नाही.

पहाटेला शेजारीण बाहेर ओटीवर आली आणि हात धुता धुता मला म्हणाली, "मास्तर, बाईला सांजचं दिसत नव्हतं का वो?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मी दिवा म्होरं धरला तरी तिचा हात चाचपत व्हता. रातांधळं हाय ते. पोटुशी बाईला येतं कंदी कंदी, पाला खाल्ला नाय की. बोकडाचं काळीज शेकून दिलं की जातं. आमाला सांगाया नको व्हतं का? बामणाला काळीज खा म्हनून कसं सांगू? पर पाला तरी दिला असता. किती दिस झालं तिला?"

किती दिवस झाले ते माझ्याजवळ लिहिलेलं होतं. मी वही काढली. कुठल्या तिथीला धाकटी गेली, कुठल्या तिथीला मधली, कुठल्या दिवशी थोरलीबद्दल शंका आली, सगळं माझ्या वळणदार अक्षरात. बायकोचे डोळे जात असताना ते इतक्या टापटिपीने क्वचितच कुठल्या नवऱ्याने लिहून ठेवलं असेल. मी वही मिटली आणि शेजारणीला म्हणालो, "महिना झाला असेल." तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

बायकोच्या अंगात दुसऱ्या दिवसापासून ताप भरला. शेजारणीने शेवग्याचा पाला वाटून रस पाजला, पण तो टिकेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जरा शुद्धीवर आली. मूल गेल्याचं तिला सांगावं लागलं नाही. मी उशाशी बसलो होतो.

"मुंबईचं आणखी काही आलं का?" तिने विचारलं.

"आलं," मी म्हणालो. "चूक त्यांचीच झाली म्हणतात. यंदा माहेरवाशीण आलीच नाही."

"वाटलंच मला." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मधली वहिनीपण दिसत नव्हती हो. ते लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"काय लिहिलंत?"

शेजारीण दारात उभी होती. तिच्या डोळ्याला डोळा देववेना. मी म्हणालो, "हवेत धूर."

तिने मान हलवली. "किती दिवस धूर होता यंदा," ती म्हणाली. तिचं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं झालं.