उपरण्याखालचा सौदा

संभाजीनगरहून येणाऱ्या पाहुण्यांना रविवारी जालन्याच्या जुन्या मोंढ्यात फिरवायचं आणि चालता चालता बाजाराचा इतिहास सांगायचा, असं आमच्या मित्रमंडळींनी ठरवलं तेव्हा मी मान डोलावली. मान डोलावणं मला जमतं, बोलणं जमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी भरपूर वाचते, पण चार लोकांसमोर उभं केलं की ‘बाजारपेठ’ म्हणू की ‘मार्केट’, इथेच गाडी अडते. माहिती मी गोळा केली होती, म्हणून सांगायचीही मीच, हे बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

आजोबांना कागद वाचून दाखवला. हे माझ्या आईचे वडील; त्यांचं आयुष्य मोंढ्यात दलाली करण्यात गेलं. निजामाच्या राजवटीत कापसाच्या गाड्या कुठून येत इथपर्यंत पोचले, तर ते म्हणाले, “हे तर सातबारा वाचून राह्यली तू. चल उद्या माझ्यासंगं.”

मोठे लिलाव नव्या यार्डात गेल्यापासून जुन्या मोंढ्यात उरलीत ठोक दुकानं, हातगाड्या आणि आजोबांच्या वयाची माणसं. त्यांतले एक वाळल्या मिरच्यांचे व्यापारी, आजोबांचे जुने प्रतिस्पर्धी. गादीवर रेलून बसले होते.

“नात इतिहास विचारून राह्यली,” आजोबा म्हणाले.

“इतिहास?” त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून माझ्यासमोर धरलं. “हा घे.”

पूर्वी इथे भाव कुणी तोंडाने बोलतच नसे. दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवतीचे लोक दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसत. शेवटी हातावर हात पडला की सौदा पक्का. मग माघार नाही, समोर सख्खा भाऊ असला तरी!

मी हरखूनच गेले. तोंड न उघडता एवढा मोठा बाजार चालत होता आणि मी मात्र जन्मले माईकच्या जमान्यात!

“हिचं तोंड बघा,” मिरचीवाले आजोबांना म्हणाले. “काहीच कळून न्हाई राह्यलं आत काय चाललंय ते. बिलकुल दलालाचं तोंड.”

घरी मला घुमी म्हणतात. त्याच तोंडाची भर बाजारात तारीफ! मी लगेच म्हटलं, “मला शिकवा.”

ते जरा अवघडले. “आमच्या टायमाला बाईमाणसाचा हात उपरण्याखाली? तोबा, तोबा!”

“नातीसारखी हाय तुह्या,” आजोबा म्हणाले. “का हरायला भेऊन राह्यला?”

बस! हमाल पोती टाकून जमले. मी हात आत घातला. त्यांनी माझी दोन बोटं धरली, मी त्यांचं एकच धरलं. चेहरा दगडासारखा. “वा रे पोरी!” कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात त्यांनी भाव बदलायला माझ्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि मला अशा काही गुदगुल्या झाल्या की हात उडाला आणि थाडकन त्यांच्या हातावर पडला.

“सौदा पक्का!” सगळा मोंढा ओरडला.

“अहो, मी शिकत होते!”

“मंग शिकली की,” आजोबा म्हणाले. “आता मिरच्यांचं पोतं उचल.”

पैसे आजोबांनीच दिले, तेही हसत हसत. पोतं घरी आलं तेव्हा आई म्हणाली, “ह्या मिरच्या तरी घरात राहतील, न्हाई तर मी तरी.” म्हणून रविवारी ते हातगाडीवरून परत मोंढ्यात आलं.

पाहुणे गोल करून उभे राहिले. मी कागद उघडला. ‘बाजारपेठ’ म्हणू की ‘मार्केट’, पहिल्याच ओळीत गाडी अडली. सगळे वाट बघत होते. एक काकू हळूच घड्याळ बघायला लागल्या. माझं लक्ष पोत्याकडे गेलं. मी कागद बॅगेत कोंबला, गळ्यातली ओढणी काढली आणि म्हणाले, “काकू, इकडे या. हात द्या. आणि अजिबात हसायचं नाही.”

काकू पहिल्याच बोटाला हसल्या. मग जो तो पुढे यायला लागला. एका गृहस्थांनी तर आपल्याच बायकोकडून ओंजळभर मिरच्या चढ्या भावाने घेतल्या. पोतं उघडलेलं, त्यामुळे सगळे शिंकताहेत, हसताहेत, आणि त्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून मी ओरडून सांगतेय: गाड्या कुठे सुटायच्या, हमाल कुठे बसायचे, उघड लिलाव आला तेव्हा ही उपरणी कशी नुसती खांद्यावर उरली. बाजारपेठ म्हटलं की मार्केट, मला आठवतही नाही.

पोतं अर्धं झालं तेव्हा मिरचीवाले गादीवरून उठून आले. “उरलेला माल मी परत घेतो. काढ ओढणी.”

मी त्यांचा अख्खा पंजा धरला. भाव अवाच्या सवा होता. चेहरा दगड. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. माझ्यासोबत आलेले आजोबा मान पुढे काढून बघताहेत. आणि उभा जन्म मिरच्यांत गेलेल्या त्या माणसाला अशी सणसणीत शिंक आली की त्यांचा हात माझ्या हातावर आपटला.

“सौदा पक्का!” मी ओरडले. पार कोपऱ्यावरचा हातगाडीवाला वळून बघायला लागला, कोण ओरडलं म्हणून.